पहिल्या चढाचं दुखणं

हा लेख मी आधी नाव न घालता लिहिला होता. सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचायला दिला. तिनं भाजी निवडता निवडता वाचला आणि म्हणाली, "नाव घालायचं नसेल तर कुठं पाठवू नका. लपवाछपवी एकदा झाली तेवढी पुरे."

म्हणून नावासकट लिहितो. मी दत्तात्रय. सगळे दत्ता म्हणतात, पळणाऱ्या मंडळींत दत्तासर.

मी मूळचा आंदर मावळातला. शाळेसाठी सकाळी डोंगर उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा, एस.टी.चा भरवसा नसायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मी. धाकटा भाऊ बाळू नववीतून शाळा सोडून गुरांमागे राहिला, म्हणून मी वडगावला राहून बी.एस्सी. करू शकलो. हे उपकार मी कधी विसरलो नाही. निदान मला तसं वाटायचं. आता मी सोमाटण्यात राहतो आणि तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी करतो. लोखंडी भागांमध्ये वरून न दिसणारी भेग आहे का, हे तपासणं माझं काम.

वय त्रेचाळीस. तंबाखू नाही, दारू नाही, पोट सपाट, नाडी संथ. दहाएक वर्षं लांब पल्ल्याच्या शर्यती पळत आलो होतो. आणि मला हार्ट अटॅक आला.

*

आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. रविवारी पहाटे लोणावळ्यात जमायचं, भुशी धरणावरून टायगर पॉइंटचा चढ चढायचा, परत येऊन मिसळ खायची. गटाचा एक नियम होता आणि तो मीच केलेला होता. चढावर थांबायचं नाही. हळू व्हा, रांगत या, पण थांबायचं नाही. जो थांबेल त्याचा तिथल्या तिथं फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचं, 'पर्यटक'. लोणावळ्यातल्या माणसाला पर्यटक म्हणण्याइतका दुसरा अपमान नाही. एकदा एका शिक्षकांचा कठड्याला टेकलेला फोटो आला, तर पुढचे दोन महिने सगळे त्यांना "सर, चिक्की कुठं चांगली मिळते?" म्हणून विचारत होते.

थांबायला एकच सवलत होती, बुटाची नाडी सुटली तर.

साधारण वर्षभर मला चढाच्या सुरुवातीला छातीत मधोमध भरून यायचं. दुखणं म्हणता येणार नाही. कुणीतरी आतून तळहात दाबून धरलाय असं. डावा खांदा जड व्हायचा. थोडं पुढं गेलं की ते आपोआप सुटायचं आणि मग मी कितीही पळू शकायचो. त्याला मी नावसुद्धा ठेवलं होतं, 'पहिल्या चढाचं दुखणं'. नुसतं ठेवलं नाही, शिकवलं. नवीन आलेल्यांना सांगायचो, "पहिल्या चढाला छाती भरते. घाबरायचं नाही. दाबून पळायचं, सुटतं."

आणि ज्या दिवशी लवकर सुटायचं नाही त्या दिवशी मी खाली वाकून नाडी बांधायचो. नाडी सुटलेली नसायची. आधी सोडायची, मग बांधायची. कुणाला काही कळायचं नाही.

कंपनीत दरवर्षी तपासणी व्हायची. वजन आणि रक्तदाब बघितला की मी निघायचो. रक्त द्यायला उपाशी राहावं लागायचं आणि मी सकाळी पळून आलेला असायचो, भूक लागलेली असायची. खरं कारण ते नव्हतंच. रक्ताच्या रांगेत पोटं सुटलेले लोक उभे असायचे. त्यांच्यात उभं राहायला मला कमीपणा वाटायचा.

आमचे वडील, अण्णा, पन्नाशीच्या आत बांधावर बसल्या बसल्या गेले. गावात म्हणाले, वात छातीत चढला. मी मात्र शिकलेला. मी म्हणायचो, तंबाखूनं गेले. तंबाखू त्यांची, मी खात नाही, म्हणजे त्यांचं मरण माझ्याकडं येणार नाही, असा माझा सरळ हिशेब होता.

*

त्या रविवारी थंडी होती. चढ सुरू झाला, छाती भरली, मी दाबून पळालो. सुटलं नाही. नाडी बांधायला बसलो आणि उठताच येईना. कपाळावर गार घाम. जबड्यात कळ. मी काय केलं असेल? दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

प्रसाद मागून आला. बाजारात त्याच्या घरचं चिक्कीचं दुकान आहे, गटात सगळ्यात गप्पिष्ट तोच. म्हणाला, "सर, नाडी बांधताय का बूट विणताय?"

मी हसायचा प्रयत्न केला. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला.

"सर, तुम्ही पांढरे पडलाय."

"ॲसिडिटी आहे. तू हो पुढं."

"ॲसिडिटीला एवढा घाम येतो का?"

"अरे, फोटो काढू नकोस फक्त," मी म्हणालो.

छातीवर दगड ठेवल्यासारखं होत होतं आणि मला काळजी फोटोची होती. प्रसादनं फोटो काढला नाही. खालून वर येणारी पर्यटकांचीच एक गाडी त्यानं हात आडवे करून थांबवली. मागच्या सीटवर वेफर्सची पाकिटं बाजूला सारून त्या अनोळखी बाईंनी मला जागा करून दिली आणि आपली ओढणी माझ्या डोक्याखाली घातली. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. त्यांनी माझ्यासाठी त्यांची अख्खी सहल मोडली.

*

लोणावळ्यातल्या छोट्या दवाखान्यात कार्डिओग्राम निघाला. डॉक्टर बाई तरुण होत्या. कागद बघता बघता त्यांनी विचारलं, "हे याआधी कधी व्हायचं?"

"चढाला व्हायचं. सुटायचं."

"किती दिवस?"

"वर्ष झालं असेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "पळता म्हणून हृदयाचा स्नायू मजबूत आहे तुमचा. पण त्याला रक्त नेणारी नळी बुजत होती, ती पळून मोकळी होत नाही. तब्येत चांगली म्हणून तुम्ही दुखणं सोसू शकलात, आणि सोसू शकलात म्हणून उशीर झाला."

तिथून ॲम्ब्युलन्सनं मोठ्या हॉस्पिटलात. तिथं नर्सनं कात्री आणली. "काका, टी-शर्ट कापावा लागेल. हात वर करू नका."

तो शर्यत पूर्ण केल्याबद्दल मिळालेला टी-शर्ट होता. मी म्हणालो, "हळूच काढता येईल की." ती म्हणाली, "हळू करायला वेळ नाही, काका." आणि गळ्यापासून खालपर्यंत सर्रकन कापला. काका हा शब्द मला कुणी त्याआधी म्हटलेला आठवत नाही.

मनगटातून नळी घालून बुजलेली जागा उघडली आणि तिथं स्टेंट बसवला. ते फार दुखलं नाही. शुद्धीत होतो. छातीवरचा तो तळहात अचानक उचलला गेला तेव्हा मला रडू आलं. मग सुनीता आत आली. पायात घरातल्या सपाता, केस तसेच. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. मी तिला पहिलं वाक्य काय बोललो, ते लिहायला खरंच हात धजत नाही.

"गावात हार्टचं सांगू नकोस. मणक्याचं सांग."

तिनं हात काढून घेतला नाही.

*

का सांगायचं नव्हतं? गावच्या शाळेत दर वर्षी मी आरोग्यावर भाषण द्यायचो. चुलत्यांच्या तंबाखूच्या पिशव्या हिसकावून घ्यायचो. दिवसभर डोंगर तुडवणाऱ्या माणसांना मी "व्यायाम करा" म्हणून सांगितलेलं होतं. माझ्या पळण्याचा फ्लेक्स गावाच्या फाट्यावर लागलेला, 'गावची शान'. त्या माणसाच्या हृदयाला भोक पडलंय असं, कारण गावात बातमी अशीच पोचते, लोक म्हणतील. हसतील. मला मरणाची भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण हसण्याची भीती त्याहून मोठी होती, हे आज कबूल करतो.

अतिदक्षता विभागात दिवस-रात्र कळत नाही. सकाळी अंग पुसतात, गोळ्या देतात, मग दिवसभर डोक्यावरच्या यंत्राची टिकटिक. शेजारच्या खाटेवर औंढ्याचे एक आबा होते, दात नसलेले, गप्प न बसणारे. दुसऱ्या दिवशी पडद्याआडून त्यांनी चौकशी सुरू केली.

"बिडी वढता?"

"नाही, आबा."

"तमाकू?"

"नाही."

"दारू?"

"कधीच नाही."

"मग करता काय?"

"पळतो."

"कुनाच्या मागं?"

"कुणाच्याच नाही. असंच. व्यायाम."

आबांनी पडदा जरा बाजूला सारून मला न्याहाळलं. मग म्हणाले, "आमी सगळं करून हितं आलो. तुमी काय न करता आलाय. आमचीबी एक खाट आडवली उगाच."

नर्ससुद्धा हसली. मीही हसलो, छातीला धक्का लागू नये म्हणून जपून. हॉस्पिटलातल्या सगळ्या दिवसांत ज्या मोजक्या गोष्टींनी मला बरं वाटलं त्यात आबांचं हे बोलणं आहे. त्यांनी मला त्यांच्यात धरलं होतं. पण त्यांना माझं गाव ठाऊक नव्हतं, म्हणून मला हसू सुचलं.

जाताना डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या आणि विचारलं, "वडील कशानं गेले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ आहे का? त्याची तपासणी करून घ्या. लवकर."

मी मान हलवली. सुनीता सगळं ऐकत उभी होती.

*

घरी आल्यावर गाव भेटायला आलं. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जाणं टाळत नाहीत. हातात बिस्किटचा पुडा नाहीतर नारळ, आणि तोंडात प्रत्येकाचा एक उपाय. मणका म्हटल्यावर उपाय मणक्याचे. शेवंतामावशी निरगुडीच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. कुणी म्हणालं, फळीवर झोपा. कुणी म्हणालं, लोंबकळा. मावशींची नजर माझ्या मनगटावरच्या पट्टीवर गेली.

"मनक्याचं दुखनं आन् पट्टी हाताला?"

"सलाईन लावलं होतं, मावशी," सुनीता म्हणाली. माझ्याकडं न बघता.

बाळू सगळ्यात शेवटी आला, मोटारसायकलवर मागे रामभाऊंना बसवून. रामभाऊ म्हणजे आमच्या भागातले हाडं बसवणारे. सत्तरीचे असतील, पंजा परातीएवढा.

"पालथं पड," रामभाऊ म्हणाले. "एका झटक्यात बसवतो. लय गुन यील."

मी म्हणालो, नको. डॉक्टरांनी दाबायला मनाई केलीय.

"डाक्टर लोकास्नी काय कळतंय हाडातलं? बाळू, धर रं ह्याचे पाय."

बाळूनं खरोखरच माझे पाय धरून मला पालथं केलं. रामभाऊ पाठीवर गुडघा ठेवायच्या बेतात होते आणि मी पालथा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, हृदयात नवा स्टेंट, आणि तरीही तोंडातून खरं निघेना. सुनीतानं रामभाऊंच्या हातात चहाचा कप दिला, गरम, काठोकाठ भरलेला, म्हणून त्यांना गुडघा खाली घ्यावा लागला. "आधी चहा," ती म्हणाली. "मग बघू." मग काही झालं नाही, कारण ती तिथून हललीच नाही.

चहा पिताना बाळू सहज बोलला. तोही पळायचा. मीच त्याला लावलं होतं, आणि पुढच्या रविवारच्या लोणावळ्यातल्या डोंगरी शर्यतीत त्याचं नाव मीच घातलं होतं.

"दादा, तू न्हाईस तर मी एकटाच पळनार. तुज्या नावानं पळतो." मग कप खाली ठेवून म्हणाला, "मलाबी आताशा पहिल्या चढाला छातीत भरतंय बग. पर तू म्हनला व्हतास तसं दाबून पळतो. सुटतंय."

खोलीत मावशी होत्या, रामभाऊ होते, आणखी चार जण होते. मी बाळूकडं पाहिलं. मी म्हणालो, "जास्त दम लावू नकोस."

एवढंच म्हणालो.

*

सगळे गेल्यावर सुनीतानं कप गोळा केले, धुतले, पालथे घातले. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"फोन करतो त्याला."

"फोनवर काय सांगणार? पाठ दुखतीय तुमची. पाठ दुखणाऱ्या माणसाचं ऐकून तो छाती कशाला तपासेल?" ती थांबली. "तो शाळा सोडून घरी राहिला तेव्हा तुम्ही शिकलात, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? मग त्याला एवढं तरी शिकलेलं द्या."

मी फोन केला. बाळूनं उचलला नाही. भाताची झोडणी चालू होती, फोन घरात ठेवून तो खळ्यावर असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसादला बोलावलं. त्याला अर्थातच खरं माहीत होतं. त्यालाही मीच गप्प बसवलं होतं. तो गाडी घेऊन आला, वाटेत एकदाही विनोद केला नाही. गावच्या फाट्यावर तो फ्लेक्स होता. मी खिडकीतून दुसरीकडं पाहिलं.

खळ्यावर अर्धी भावकी होती. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटणं चालू होतं, धूळ उडत होती. बाळू मधोमध, घामानं भिजलेला. मला बघून सगळे थांबले. रामभाऊही बांधावर बसलेले. "बगा, चालत आला. तेल लागू पडलं," मावशी म्हणाल्या.

बाळूला बाजूला बोलवावं असं मनात आलं. नेमकं तेच करायचं नव्हतं. बाजूला बोललो असतो तर त्यानं हसून उडवलं असतं, आणि गाव मणक्यावरच राहिलं असतं.

"माझा मणका चांगला आहे," मी म्हणालो. "मला हार्ट अटॅक आला होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

पेंढीतून सुटलेलं भात कुणाच्या तरी पायाखाली कुरकुरलं. मग रामभाऊ हळूच म्हणाले, "आरं, मी गुडगा ठिवनार व्हतो की रं तुज्या पाठीवर." त्यांचा चेहरा उतरला होता. ते पुन्हा पुन्हा आपल्या पंजाकडं बघत होते. मला वाटलं होतं, लोक हसतील. कुणीच हसलं नाही, आणि मी ज्याला एवढा घाबरत होतो ते हसूच तिथं नव्हतं हे बघून मला जास्तच खाली बघावं लागलं.

बाळू चिडला. "मला न्हाई सांगितलंस? मलाबी?"

"लाज वाटली."

"माजी?"

"माझीच."

"बरं, मग मला काय झालंय? मी रोज पोती उचलतो. माजं सुटतंय."

"माझंही सुटायचं, बाळू. वर्षभर सुटत होतं. मी नाडी बांधायचं नाटक करायचो, तुम्हाला दिसू नये म्हणून. मग एक दिवस सुटलं नाही. मी तुला चुकीचं शिकवलं. दाबून पळायचं नसतं. थांबायचं असतं."

तो पेंढी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग मावशी म्हणाल्या, "आन्नाबी आसंच म्हनायचे. बसलं की सुटतंय म्हनायचे."

हे मला माहीत नव्हतं. आम्हा दोघांनाही. अण्णा गुरं वर नेताना मध्येच दगडावर टेकायचे आणि मावशींना म्हणायचे, बसलं की सुटतं. आणि मी आयुष्यभर त्यांच्या मरणाचा दोष त्यांच्या तंबाखूच्या पिशवीला देऊन मोकळा झालो होतो.

बाळूनं पेंढी खाली ठेवली. "झोडनी आवरू दे," तो म्हणाला.

"झोडनी आमी आवरतो," रामभाऊ म्हणाले. "तू गाडीत बस."

*

ज्यांच्यासाठी हे लिहितो त्यांना एवढंच सांगायचं आहे. पळता, सायकल चालवता, गड चढता, म्हणून आत सगळं ठीक असेल असं नाही. चढाला येणारं आणि पुढं सुटणारं दुखणं म्हणजे शरीर तयार होतंय असं समजू नका. घरात कुणी तरणंताठं अचानक गेलं असेल तर ते कशानं गेलं ते नीट विचारा. मावशीला विचारा, काकीला विचारा, कारण त्यांना ते माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. आणि तपासणी करून घ्या, रक्ताच्या रांगेत उभे राहा.

मी आता पळत नाही, चालतो. पुढं थोडं पळता येईल असं डॉक्टर म्हणतात. आमच्या गटानं 'पर्यटक' बंद केलं. मी ग्रुपवर सगळं लिहिल्यावर दोघांनी मला वेगळा निरोप पाठवला, की सर, नाडी आम्हीही बांधतो. त्यांच्या तपासण्या झाल्या. एकाचं काही निघालं नाही. दुसऱ्याच्या गोळ्या चालू आहेत.

*

बाळूची चाचणी त्याच आठवड्यात झाली. छातीला तारा चिकटवून चालत्या पट्ट्यावर चालायचं. पट्टा हळूहळू चढ घेतो. मी काचेच्या दाराबाहेर उभा होतो. बाळू घरचेच बूट घालून आला होता, त्यांना खळ्यावरचा कोंडा चिकटलेला.

सुरुवातीला त्याला मजा वाटली. मग पट्टा उंच झाला. त्याचा चेहरा मी ओळखतो. जबडा आवळला की समजावं, भरलंय. टेक्निशियननं विचारलं, "त्रास होतोय का?" त्यानं मान हलवली, नाही. तो पुढं चालत राहिला. मी दारातून बघत होतो आणि हा माझाच चेहरा होता, हे माझंच शिकवणं होतं, पावलागणिक.

त्यानं काचेतून माझ्याकडं पाहिलं. घाटात तो मागं वळून असंच बघायचा, पुढं जाऊ का म्हणून, आणि मी नेहमी हातानं खूण करायचो, चल. मी या वेळी काहीच खूण केली नाही. दोन्ही हात काचेवर टेकवून उभा राहिलो. दिसलं असेल त्याला माझं तोंड.

बाळूनं हात वर केला.

पट्टा थांबला. तो कठडा धरून उभा, छाती वरखाली होत होती. मी न विचारता आत गेलो. त्याला घामाचा आणि पेंढ्याचा वास येत होता.

"दादा," तो म्हणाला, "दुकतंय."

"हं," मी म्हणालो. "बस."

आणि तो बसला.